अमेरिकेची घटना, तेरा राज्यं आणि तिजोरीची किल्ली

आडवळणी (धागाकर्ता)

अमेरिकेच्या घटनेचा विषय निघाला की लॉक, माँतेस्क्यू, स्वातंत्र्य, समता, उपजत हक्क अशी भारदस्त मंडळी आधी पुढे येतात. ती खोटी नाहीत. जेफरसनने १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हे सगळं झोकात लिहून ठेवलंय. पण जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे, आणि कारभार तर नव्हेच. कारभाराचा आराखडा अकरा वर्षांनी फिलाडेल्फियात झाला आणि तो करायला भाग पाडलं रिकाम्या तिजोरीने. केंद्राचं काय आणि राज्यांचं काय, हा तिथला सव्वादोनशे वर्षांहून जुना तंटा पैशाच्या बाजूने वाचला तर नीट उलगडतो, असं माझं मत आहे. पटत नसेल तर खाली झोडपायला मोकळीक आहे.

२१ जून १७८३, फिलाडेल्फिया. इंग्रजांशी लढाई संपल्यात जमा, पण सैनिकांचे पगार थकलेले. काही शे सैनिक पेन्सिल्व्हेनियाच्या स्टेट हाउसला वेढा घालून उभे. आत काँग्रेस (आपली नव्हे, त्यांची संसद) बसलेली. शेजारच्या गुत्त्यांतून सैनिकांना दारू पोचतेय, मधूनच कोणीतरी खिडकीकडे बंदूक रोखतोय. हे वर्णन काँग्रेसचा सदस्य जेम्स मॅडिसनच्या टिपणांत आहे, तो आतच होता. काँग्रेसने पेन्सिल्व्हेनिया सरकारकडे मिलिशिया (राज्याची नागरी फौज) मागितली. राज्याचे प्रमुख जॉन डिकिन्सन यांनी हात वर केले: आपलेच लोक या सैनिकांवर चालून जातील याचा भरवसा नाही. मग देशाच्या संसदेने गाशा गुंडाळला आणि न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन गाठलं. तिथून अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन, न्यूयॉर्क. महासत्तेची पहिली संसद अशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत होती.

पगार का थकले? तेव्हा घटना नव्हती. १७८१ पासून लागू असलेला 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' नावाचा करार होता. त्यात काँग्रेसला युद्ध पुकारता येई, तह करता येई, कर्ज काढता येई, पण कर लावता येत नसे. राज्यांकडे मागणीपत्र धाडायचं आणि वाट बघायची. सोसायटीने मेंटेनन्सची बिलं काढायची, पण न भरणाऱ्याचं पाणीसुद्धा तोडायचं नाही, असा मामला. काँग्रेसने आयात मालावर ५ टक्के जकात लावायची परवानगी मागितली. करारात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे. १७८२ मध्ये ऱ्होड आयलंड नाही म्हणालं आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा न्यूयॉर्कने पाय मागे घेतला, कारण त्या बंदराची जकात त्यांच्या स्वतःच्या खिशात जात होती.

१७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी उठले. त्यांत लढाईत लढून आलेले बरेच होते. जमिनीवर जप्त्या येत होत्या म्हणून त्यांनी कोर्टंच बंद पाडली. जानेवारी १७८७ मध्ये डॅनियल शेज आणि मंडळी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेली, तोफा डागल्या गेल्या, चारजण मेले. शस्त्रागार केंद्राचं, पण ते राखायला केंद्राकडे ना फौज ना पैसा. बंड मोडायला जी फौज निघाली तिचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून केला. वॉशिंग्टनसारखा माणूस निवृत्ती सोडून पुन्हा फिलाडेल्फियाला आला, त्यामागे या बंडाची धास्ती मोठी होती.

मे ते सप्टेंबर १७८७ फिलाडेल्फियात घटना लिहिणारी परिषद चालली. ५५ जण येऊन गेले, शेवटी ३९ जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. मॅडिसन एक जालीम औषध घेऊन आला होता: राज्याने केलेला कोणताही कायदा केंद्रीय काँग्रेसला रद्द करता यावा. ते औषध कोणी घेतलं नाही. लोकसंख्येप्रमाणे जागा द्यायच्या तर लहान राज्यं बुडणार, यावर डेलावेअरच्या गनिंग बेडफर्डने भर सभेत सुनावलं की मोठ्यांनी फार ताणलं तर लहान राज्यं एखाद्या परकी मित्राचा हात धरतील. १६ जुलैला तोड निघाली, तीही पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी, आणि मॅसॅच्युसेट्सचं मत आपसातच फुटलेलं. हाउस (काँग्रेसचं खालचं सभागृह) लोकसंख्येवर, सेनेटमध्ये (वरच्या सभागृहात) सगळ्यांना समान मतं. आज कॅलिफोर्नियाची वस्ती पावणेचार कोटींच्या वर आणि वायोमिंगची सहा लाखांच्या आत, सेनेटर दोघांचेही दोन-दोनच.

अधिकारांची वाटणी पहिल्या कलमाच्या आठव्या भागात आहे. त्या यादीत सर्वांत वर काय? कर. मग कर्ज, मग राज्याराज्यांतला आणि परदेशी व्यापार, नाणी, टपाल, पेटंट, फौज, आरमार. शेवटी एक पिल्लू सोडलंय: हे अधिकार राबवायला 'आवश्यक आणि योग्य' ते सगळे कायदे काँग्रेसने करावेत. उरलेलं, म्हणजे पोलीस, शाळा, लग्न, जमीन, बहुतेक फौजदारी कायदे, राज्यांकडे. १७९१च्या दहाव्या दुरुस्तीने तेच पुन्हा लिहून दिलं. विधिमंडळ, अध्यक्ष, न्यायालय ही दुसरी, आडवी वाटणी सगळ्यांना पाठ असते, म्हणून तिच्यात शिरत नाही. दोन्हींमागे विचार एकच: सत्तेवरचा माणूस देवमाणूस नसतो हे धरून चाला, आणि एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेशी झुंजवा.

आता त्या शेवटच्या पिल्लाची करामत.

मेरीलँडने १८१८ मध्ये कायदा केला की राज्याबाहेरच्या बँकेने मुद्रांकित कागदावरच नोटा काढाव्यात, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर भरावेत. रोख होता केंद्राने सनद दिलेल्या बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर. शाखेचा कॅशियर जेम्स मॅकुलो भरेना. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला: घटनेत 'बँक' असं कुठे लिहिलेलं नसलं तरी कर गोळा करायचा, फौजेचा पगार भागवायचा तर बँक काढता येते, आणि कर लावायचा अधिकार म्हणजे संपवून टाकायचाही अधिकार, म्हणून राज्याने केंद्राच्या बँकेवर कर लावायचा नाही. (हाच मॅकुलो तेव्हा साथीदारांबरोबर त्याच शाखेतून लाखो डॉलर लांबवत होता. खटला जिंकला, नोकरी गेली.)

१९४२ मध्ये ओहायोचा शेतकरी रॉस्को फिलबर्न. केंद्राच्या कोट्यानुसार त्याला ११.१ एकर गहू पेरायची परवानगी. त्याने पेरला २३ एकर. जादाच्या २३९ बुशेलवर (बुशेल म्हणजे धान्याचं माप) दंड ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला, हा गहू माझ्या जनावरांना आणि माझ्या घरच्या पिठाला, यात राज्याराज्यांतला व्यापार आला कुठून? कोर्ट एकमताने म्हणालं, घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस, असं सगळ्यांनी केलं तर देशभरचा भाव हलतो, भर दंड. या निकालानंतर काँग्रेसचा हात पोचणार नाही अशी जागा बराच काळ सापडेना.

आणि माझा लाडका खटला १९८७चा. दारूचं नियमन घटनेच्या २१व्या दुरुस्तीने राज्यांकडे दिलेलं. साउथ डकोटात १९ वर्षांच्या पोराला सौम्य बिअर घेता येत असे. काँग्रेसने १९८४ मध्ये वयाची अट घातली नाही, एवढंच म्हटलं की ज्या राज्यात २१ पेक्षा कमी वय चालतं त्याच्या महामार्ग अनुदानातले ५ टक्के कापू. साउथ डकोटा सुप्रीम कोर्टात गेलं आणि ७ विरुद्ध २ ने हरलं. पुढच्या वर्षापर्यंत सगळ्या राज्यांत वय २१. एकाही शिपायाला घराबाहेर पडावं लागलं नाही.

१७८३ मध्ये केंद्र राज्यांच्या दारात हात पसरून उभं होतं. दोनशे वर्षांत रांग उलटी झाली.

कट्टेकर

वाचतोय. मॅकुलोचा किस्सा भारी. 'एकाही शिपायाला' वर मात्र अडखळलो. १८६१ ते ६५च्या यादवी युद्धात काय झालं मग? तिथे तर सहा लाखांवर माणूस मेला.

रोखठोक

कट्टेकर यांच्याशी सहमत, आणि पुढे जाऊन म्हणतो की तिजोरी तिजोरी करताना त्या तिजोरीतली सर्वांत मोठी 'मालमत्ता' धाग्यातून गायब आहे. १७९०च्या जनगणनेत जेमतेम ३९ लाखांच्या देशात जवळपास ७ लाख गुलाम होते. हाउसच्या जागा मोजताना त्यांची तीन-पंचमांश गिनती, म्हणजे पाच गुलाम मिळून तीन माणसं. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही, हेही घटनेतच. पळालेल्या गुलामाला परत करायचं, तेही घटनेतच. 'गुलाम' हा शब्द मात्र कुठे येऊ दिला नाही, एवढी लाज शिल्लक होती.

'राज्यांचे अधिकार' हे दक्षिणेचं, म्हणजे गुलाम बाळगणाऱ्या राज्यांचं, तत्त्व होतं असं सांगतात, त्याचाही एकदा हिशेब करू. १८५०चा पळपुट्या गुलामांचा कायदा केंद्राचा होता. विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे राज्याचा हक्क वापरला कोणी? उत्तरेने! १८५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने विस्कॉन्सिनला गप्प केलं आणि दक्षिण खूश झाली. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना फुटून निघाली तेव्हा तिच्या निवेदनात मुख्य गाऱ्हाणं काय, तर उत्तरेकडची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत, केंद्राचा कायदा पाळत नाहीत. तेव्हा राज्यांची स्वायत्तता वगैरे सोय बघून.

जाता जाता: जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी अमेरिकेकडून नेमकं काय घ्यायचं ते निवडलं होतं.

आडवळणी

रोखठोक, दक्षिणेच्या निवेदनाचा मुद्दा चोख. त्याला माझी एक जोड. तीन-पंचमांशाचं कलम पुन्हा उघडून बघा: तीच गिनती हाउसच्या जागांना लागू आणि तीच प्रत्यक्ष करांना. म्हणजे कागदावर सौदा असा की जागा जास्त हव्यात तर करही जास्त भरा. पण केंद्राचा खर्च भागत होता आयात जकातीवर. प्रत्यक्ष कर यादवीपर्यंत अगदी मोजक्या वेळा लागला. दक्षिणेने मलिदा घेतला आणि बिल आलंच नाही.

कट्टेकर, यादवी हा मोठा अपवाद आहे, वाद नाही. ती फौजेने मिटली. तिच्यातून आलेली १८६८ची चौदावी दुरुस्ती तर दुसरी घटनाच म्हणायला हवी, कारण नागरिकाला राज्यापासूनही संरक्षण तिने दिलं. तोवर पहिल्या दहा दुरुस्त्यांतले हक्क फक्त केंद्राविरुद्ध चालत. राज्याने तुमचं तोंड दाबलं तर केंद्रीय घटना बघत बसे. पण ती दुरुस्ती कागदावर आली आणि शंभर वर्षं दक्षिणेत गुंडाळून ठेवली गेली. १९६४च्या नागरी हक्क कायद्यात एक तरतूद आहे: भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा नाही. पुढच्याच वर्षी शाळांसाठी केंद्राने मोठी अनुदानं सुरू केली आणि दक्षिणेतल्या शाळांना काळ्या मुलांसाठी वर्गाची दारं उघडायला भलतंच कारण मिळालं.

हडसनपार

इथे राहणाऱ्याला संघराज्य पोटात दुखल्यासारखं जाणवतं, मार्च-एप्रिलमध्ये विशेष. मी राहते न्यू जर्सीत, ऑफिस न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनला. केंद्राचा रिटर्न एक, न्यूयॉर्कचा अनिवासी म्हणून दुसरा, न्यू जर्सीचा तिसरा, आणि त्यात न्यूयॉर्कला भरलेल्याची वजावट मागायची. व्हिसा केंद्राचा, ड्रायव्हिंग लायसन्स राज्याचं, लग्नाचं लायसन्स गावच्या नगरपालिकेतून, शाळेचा पैसा घरपट्टीतून. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसले होते, न्यूयॉर्कच्या हद्दीत पाऊल नाही, तरी न्यूयॉर्क म्हणालं की साहेबाच्या सोयीसाठी नाही, स्वतःच्या सोयीसाठी घरी बसलात, कर आमचाच. मॅसॅच्युसेट्सने असंच केलं तेव्हा न्यू हॅम्पशायर थेट सुप्रीम कोर्टात गेलं. २०२१ मध्ये कोर्टाने खटला ऐकायलाच नकार दिला.

आणि प्रिन्स्टनचं वाचून मजा वाटली. संसद जिथे बसली तो नसॉ हॉल अजून उभा आहे, युनिव्हर्सिटीच्या आवारात. आम्ही पाहुण्यांना नेऊन फोटो काढून आणतो, पण ती मंडळी पगार थकल्यामुळे तिथे आली होती हे गाइडने कधी सांगितलं नाही.

त्या पळापळीची आणखी एक निशाणी आहे. कुठल्याही राज्याच्या मेहेरबानीवर राहायला नको म्हणून घटनेत राजधानीसाठी वेगळा जिल्हा ठेवला. तोच वॉशिंग्टन डीसी. तिथे सहा-सात लाख लोक राहतात, केंद्राचा आयकर भरतात, सेनेटर एकही नाही. हाउसमध्ये एक प्रतिनिधी, त्यालाही अंतिम मतदानात मत नाही. अध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळालं तेही १९६१ मध्ये. त्यांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'प्रतिनिधित्वाविना कर बंद करा' ही घोषणा असते. ज्या तक्रारीवरून इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला, ती राजधानीच्या बंपरवर!

चहाबिस्कीट

+१. नंबरप्लेटवाला प्रतिसाद लई भारी. खुर्ची टाकून बसलोय.

कलमदान

बाबासाहेबांचा उल्लेख अजून कसा नाही? ते १९१३ ते १६ कोलंबियात होते, आणि तिथल्या डॉक्टरेटसाठीचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. १९२५ मध्ये पुस्तक म्हणून छापला गेला. विषयच हा: मध्यवर्ती सरकारने आणि प्रांतांनी पैसा कसा वाटून घ्यायचा. म्हणजे धागाकर्ते ज्या बाजूने वाचायला सांगतायत त्या बाजूने ते आधीच वाचून बसले होते.

४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेशी तुलना केली ती जरूर वाचा. तिथे दुहेरी नागरिकत्व, आपल्याकडे एकच. तिथे प्रत्येक राज्याला स्वतःची घटना, आपल्याकडे एकच. अमेरिकेचं संघराज्य घट्ट साच्यात बसवलेलं आहे, आपलं काळवेळ बघून संघराज्यही होऊ शकतं आणि एकसंधही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. अध्यक्षीय पद्धत का नको, तर तिच्यात स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत सरकारला रोज जाब विचारता येतो.

फरक किती खोल आहे बघा. संसदेने कायदा केला आणि १ मे १९६०ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली. विधानमंडळाचं मत मागवायचं असतं, पण ते बंधनकारक नाही. अमेरिकेत राज्याच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा तोडता येत नाही. वेस्ट व्हर्जिनिया १८६३ मध्ये झालं तेव्हाही 'व्हर्जिनियाची संमती' दाखवावी लागली. ती दिली केंद्राशी एकनिष्ठ राहिलेल्या मंडळींनी बनवलेल्या पर्यायी सरकारने. राज्यसभेत उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, गोवा १. सेनेटसारखी बरोबरी आपण दिलीच नाही. पण पैसे वाटायला कलम २८० खाली वित्त आयोग दिला. अमेरिकेत असा आयोग नाही, तिथे प्रत्येक अनुदान काँग्रेसच्या ओढाताणीतून निघतं, आणि म्हणूनच त्याला साउथ डकोटासारख्या अटी चिकटतात.

खवचट

कलमदान, आपल्याकडे अटी चिकटत नाहीत असं म्हणायचंय का? केंद्रपुरस्कृत योजनांचे फलक बघा, कुणाचा फोटो लावायचा इथपासून अटी असतात. हलके घ्या.

बाकी धागाकर्त्यांना माझा सवाल: हे सगळं केंद्र विरुद्ध राज्य झालं. पण आता केंद्रातच सगळं एका माणसाच्या सहीवर चाललंय. जकात, ज्यासाठी म्हणे ऱ्होड आयलंड भांडलं, ती लावायचा अधिकार काँग्रेसचा ना? मग अध्यक्ष रातोरात टक्के कसे बदलतो? महत्त्वाकांक्षेशी महत्त्वाकांक्षा झुंजवा म्हणे. झुंजायला कोणी यायला तर हवं!

आडवळणी

खवचट, वर्मावर बोट. जकातीचा अधिकार काँग्रेसचाच, आणि काँग्रेसनेच १९३४ पासून तो कायदे करकरून अध्यक्षाकडे सोपवला आहे. मॅडिसनने धरून चाललं होतं की काँग्रेसचा माणूस काँग्रेसची सत्ता जिवापाड जपेल. पक्ष नावाची चीज त्याच्या आराखड्यात नव्हती. अध्यक्ष आपल्या पक्षाचा असला की सेनेटरला सेनेटपेक्षा पक्ष जवळचा वाटतो.

तरी झुंजले आहेत. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना संपाच्या भीतीने अध्यक्ष ट्रूमनने पोलाद कारखाने ताब्यात घेतले. कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं, काँग्रेसने असा अधिकार दिलेला नाही, परत करा. आणि त्याने केले. निक्सनने काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्चायचाच नाही असं ठरवलं, तेव्हा १९७४ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. सरकार बंद पडतं, कर्मचारी बिनपगारी बसतात, तेही याचंच रूप: काँग्रेसच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून दमडी काढायची नाही, हे घटनेतलं कलम आजही चावतं.

चौकटराजा

तीन शाखांच्या झुंजीत आपल्याकडचं एक नाव आहे, जगदीश राय चढ्ढा. केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा, ब्रिटिश पासपोर्टवर ओहायोत शिकायला आलेला. व्हिसा संपला, केनिया घेईना, ब्रिटन टोलवाटोलवी करतंय. इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने त्याची हकालपट्टी थांबवली. १९७५ मध्ये एकट्या हाउसने, फारशी चर्चा न करता, ठरावाने ती सवलत काढून घेतली. तो लढत राहिला आणि १९८३ मध्ये ७ विरुद्ध २ ने जिंकला: दोन्ही सभागृहं आणि अध्यक्षाची सही या वाटेशिवाय कोणाचे हक्क बदलता येत नाहीत. त्या एका निकालाने दोनशेच्या आसपास कायद्यांतली अशी नकाराधिकाराची कलमं उडाली. कोण कुठला विद्यार्थी!

कट्टेकर

चढ्ढांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. शेवटची शंका. केंद्र पैशाने सगळं विकत घेऊ शकतं, तर राज्यांच्या हातात उरलं काय?

आडवळणी

'नाही' म्हणणं उरलं, आणि ते कमी नाही. १९९७ मध्ये मोंटानातल्या एका काउंटीचा शेरीफ जे प्रिंट्झ कोर्टात जिंकला: बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायचं काम केंद्र त्याच्यावर लादू शकत नाही. केंद्राने स्वतःची माणसं नेमावीत, राज्याची राबवायची नाहीत. पैशालाही मर्यादा आहे. २०१२ मध्ये मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) वाढवा, नाहीतर जुनं अनुदानही बंद, ही धमकी सात न्यायाधीशांना जबरदस्ती वाटली. महामार्गाचे ५ टक्के चालले, मेडिकेडची सगळी रक्कम चालली नाही.

गांजाचं बघा. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये जनमताने मोकळीक दिली. केंद्राच्या कायद्यात गुन्हा तसाच राहिला, पण प्रत्येक गल्लीत धाड घालायला केंद्राकडे माणसं नाहीत, आणि राज्याचे पोलीस वापरता येत नाहीत. मग केंद्राने काय केलं? बँका केंद्राच्या भीतीने या दुकानदारांना खाती देईनात. आयकरात त्यांना दुकानभाडं, पगार वजा करू दिले नाहीत. डेन्व्हरचे दुकानदार वर्षानुवर्षं पोत्यात रोकड भरून केंद्राच्या कर कार्यालयात नेत होते. धंदा बेकायदा, पण त्यावरचा कर मात्र मोजून घेतला जात होता.